कावळ्याची शिकवणी आणि आपली स्वच्छता

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)





एखादी संस्था स्थापन करणे सोपे असते. ती पन्नास वर्षे सचोटीने चालविणे हे मात्र व्रतच होय. हे व्रत आपण निष्ठेने पार पाडलेत, त्याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन करतो. मी जैन कुळात जन्मलेलो नाही. आयुष्यभर या परिसरातील शाळांत विज्ञान शिकविले, एवढीच माझी ओळख. तरीही आपण मला 'जीवदया आणि विज्ञान' या विषयावर बोलण्यास पाचारण केलेत, हा आपल्या मनाचा मोठेपणा आहे. विषय फार मोठा आहे. म्हणून मी त्यातला एक लहानसा जीव निवडला आहे. तो आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे, रोज सकाळी आपल्या खिडकीशी येतो, आणि तरीही त्याला कोणी प्रेमाने बोलावीत नाही. पितृपक्षात मात्र आपण त्याची वाट पाहतो. तो जीव म्हणजे कावळा.

प्रथम, हा विषय मला का सुचला ते सांगतो. २०२२ च्या फेब्रुवारी महिन्यात स्वीडन देशातून एक वार्ता आली. स्टॉकहोमजवळ सॉदरतेल्ये नावाचे एक शहर आहे. तेथील एका नवोद्योगाने रानटी, म्हणजे पिंजऱ्यात न ठेवलेल्या कावळ्यांना रस्त्यावरची सिगारेटची थोटके उचलण्यास शिकविण्याचे ठरविले. कावळ्याने थोटूक आणून यंत्रात टाकले की यंत्रातून त्याला खाऊचा एक दाणा मिळावा, अशी ती योजना. स्वीडनमध्ये दरवर्षी १०० कोटींहून अधिक थोटके रस्त्यावर पडतात आणि तेथील रस्त्यावरच्या एकूण कचऱ्यात त्यांचे प्रमाण ६२ टक्के आहे, असे त्या देशातील स्वच्छतेसाठी झटणाऱ्या एका संस्थेचे म्हणणे होते. हे काम कावळ्यांकडून करून घेतल्यास थोटके उचलण्याच्या खर्चात सुमारे ७५ टक्के बचत होईल, असा त्या उद्योजकाचा अंदाज होता.

ही वार्ता येथे आली तेव्हा माझ्या काही माजी विद्यार्थ्यांनी ती मला मोठ्या उत्साहाने दाखविली. 'सर, अंबरनाथ स्थानकाबाहेर असे एक यंत्र बसविले तर?' असा त्यांचा प्रश्न होता. मी तेव्हा हसून विषय टाळला. परंतु शिक्षकाला विचारलेला प्रश्न त्याच्या मागे लागतो. आज त्याच प्रश्नाचे उत्तर आपल्यापुढे ठेवण्याचा प्रयत्न करतो.

पहिला मुद्दा असा की, कावळा हे शिकू शकतो का? याचे उत्तर निःसंशय 'होय' असे आहे. आपल्या पूर्वजांनी आदर्श विद्यार्थ्याची पाच लक्षणे सांगताना 'काकचेष्टा' हे लक्षण आरंभी ठेवले, ते उगाच नव्हे. मडक्यात खडे टाकून पाणी वर आणणाऱ्या कावळ्याची गोष्ट आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. २००९ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी हीच गोष्ट प्रत्यक्ष करून पाहिली. कावळ्याच्याच कुळातील रूक नावाच्या पक्ष्यांपुढे त्यांनी पाण्याची उभी नळी ठेवली. पाण्यावर एक अळी तरंगत होती. पण चोच तिथवर पोहोचत नव्हती. पक्ष्यांनी नळीत खडे टाकून पाणी वर आणले आणि अळी मिळविली. त्यापूर्वी २००२ मध्ये ऑक्सफर्ड येथे बेटी नावाच्या एका कावळीने सरळ तार वाकवून तिचा आकडा केला आणि त्या आकड्याने खोलगट नळीतून खाऊची बादली बाहेर ओढली होती. अमेरिकेतील सिएटल येथे जॉन मार्झलफ या प्राध्यापकांनी २००६ मध्ये विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले व लगेच सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसताच तेथील कावळे कलकलाट करीत. ज्यांना कधी पकडले नव्हते, तेही त्यात सामील होत. म्हणजे कावळा चेहरा ओळखतो, अपकार स्मरणात ठेवतो आणि आपल्या बांधवांना त्याची खबरही देतो.

असा बुद्धिमान पक्षी बक्षिसाच्या आशेने कचरा उचलण्यास शिकेल, यात नवल ते कोणते! शिकविण्याची रीतही सोपी आहे. प्रथम यंत्राच्या ताटलीत खाऊ आणि थोटूक दोन्ही शेजारी शेजारी ठेवायची. पक्षी तेथे निर्धास्तपणे येऊ लागतो. मग पक्षी येऊन बसताच खाऊ पडेल अशी व्यवस्था करायची. त्यानंतर खाऊ बंद करून ताटलीत केवळ थोटके ठेवायची. पक्षी चिडतो, चोचीने उलथापालथ करतो, आणि चुकून एखादे थोटूक भोकातून खाली पडले की खाऊ मिळतो. एकदा हा संबंध त्याच्या ध्यानी आला की थोटके दूरवर पसरून ठेवली तरी तो ती आणून टाकू लागतो. बक्षीस देऊन वर्तन घडविण्याची ही पद्धत मानसशास्त्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून प्रसिद्ध आहे.

फ्रान्समध्ये प्युई दु फू नावाचे एक भव्य ऐतिहासिक उद्यान आहे. तेथे २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात सहा रूक पक्ष्यांना बारीकसारीक कचरा व थोटके वेचण्याच्या कामावर नेमण्यात आले. हे पक्षी माणसांनी सांभाळलेले होते आणि त्यांच्या जोडीला शिक्षक होता. त्या उद्यानाच्या प्रमुखांनी त्या वेळी प्रांजळपणे सांगितले की आमचे प्रेक्षक मुळातच फारसा कचरा करीत नाहीत. निसर्गच आपल्याला निसर्ग जपण्याचे शिकवू शकतो, हे दाखविणे हा आमचा हेतू आहे. थोडक्यात, तो प्रयोग उद्यान झाडण्यासाठी कमी आणि माणसांचे डोळे उघडण्यासाठी अधिक होता.

रानटी पक्ष्यांच्या बाबतीत मात्र चित्र वेगळे आहे. अमेरिकेत जोशुआ क्लाइन या तरुणाने २००८ मध्ये कावळ्यांसाठी नाणी गोळा करण्याचे यंत्र जगापुढे मांडले आणि त्याची फार वाहवा झाली. न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्याविषयी छापलेल्या वृत्तातील दावे मात्र खरे नव्हते, असा खुलासा पुढे २००९ मध्ये त्याच वृत्तपत्राला करावा लागला. हॉलंडमधील दोन तरुण संकल्पकांनी २०१७ मध्ये थोटकांसाठी असेच यंत्र योजिले. परंतु ते प्रत्यक्ष रस्त्यांवर नित्याच्या वापरात आले नाही. एक पक्षी शिकणे आणि एक नगर स्वच्छ होणे, या दोहोंत मोठे अंतर आहे.

बंधू-भगिनींनो, येथवर विषय कुतूहलाचा होता. आता तो थोडा गंभीर होतो.

पक्ष्याला सफाईच्या कामावर नेमण्याची कल्पना नवी आहे, असे आपल्याला वाटते. ती नवी नाही. आणि ज्या पक्ष्यावर तिचा पहिला मोठा प्रयोग झाला तो दुसरा तिसरा कोणी नसून आपला गावकावळा आहे. १८९० च्या दशकात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी भारतातील गावकावळे मुद्दाम नेऊन सोडले. हेतू हाच, की त्यांनी तेथील वस्तीतला कचरा खाऊन जागा स्वच्छ ठेवावी. कावळ्यांनी कचरा खाल्ला, त्यावर ते पोसले, वाढले आणि बेट ओलांडून किनाऱ्यावरील मोंबासा, दारेसलामसारख्या शहरांत पसरले. कचरा काही संपला नाही. कारण तो करणारी माणसे होतीच. कावळे मात्र तेथील स्थानिक पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले खाऊ लागले. अखेर २०२४ च्या जून महिन्यात केनियाच्या वन्यजीव विभागाने जाहीर केले की वर्षअखेरपर्यंत १० लाख गावकावळे नष्ट करावयाचे आहेत. त्यासाठी विषाचा वापर ठरला.

या घटनेचा आपण शांतपणे विचार करावा. त्या कावळ्यांनी स्वतः समुद्र ओलांडला नव्हता. त्यांना नोकरीवर नेले होते. काम त्यांनी चोख केले. सव्वाशे वर्षांनंतर त्यांच्या पिढ्यांना मिळालेले वेतन म्हणजे विषाचा घास! आपल्या आळसाचे ओझे दुसऱ्या जीवाच्या पाठीवर लादले की कधी ना कधी त्या जीवाचीच हिंसा करण्याची वेळ येते. हिंसा करणाऱ्याच्या मनात क्रौर्य नसेलही. केवळ सोय पाहण्याची वृत्ती असेल. पण परिणाम तोच.

आपल्या देशातही कावळ्याची स्थिती फार निराळी नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत, उंदीर-घुशींच्या पंगतीला बसविलेला होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकण्यात आली आणि १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती लागू झाली. म्हणजे पन्नास वर्षांनी कायद्याने कावळ्याच्या कपाळावरचा तो शिक्का पुसला.

आता कावळ्याच्याही पुढच्या एका पक्ष्याविषयी बोलतो. त्याला कोणीही शिकविले नव्हते, कोणतेही यंत्र लावले नव्हते, आणि तरी तो आपल्या खेड्यापाड्यांची स्वच्छता अखंड करीत होता. तो पक्षी म्हणजे गिधाड. माझ्या पिढीने ठाणे आणि रायगड जिल्ह्यांच्या आकाशात गिधाडांच्या घिरट्या पाहिल्या आहेत. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की गिधाडांचा थवा थोड्याच वेळात केवळ हाडे शिल्लक ठेवी. दुर्गंधी नाही, रोगराई नाही. सडलेल्या मांसातील घातक जंतू त्यांच्या जठरातील तीव्र आम्लात नष्ट होत.

१९९० च्या दशकात ही गिधाडे पटापट मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये उघड झाले. आजारी गुराढोरांना वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफेनॅक नावाचे औषध दिले जात असे. असे जनावर औषध दिल्यावर लवकरच मेले आणि ते गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत. २००६ मध्ये केंद्र सरकारने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोवर फार मोठी हानी झालेली होती. गिधाडे गेली, मेलेली जनावरे उघड्यावर सडू लागली, त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली आणि पाणवठे दूषित झाले. २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे ५ लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली असावीत.

हे मी आपल्यासमोर विशेष आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. गिधाडांना कोणी द्वेषाने मारले नाही. गाय-बैलांच्या वेदना पाहून ज्यांचे अंतःकरण द्रवले, त्यांच्याच हातून हे औषध दिले गेले. त्यांच्या करुणेत खोट नव्हती. ज्ञान अपुरे होते. आपल्या समाजाच्या आधाराने देशभर पांजरपोळ चालतात, म्हाताऱ्या व जायबंदी गुरांची तेथे सेवा होते. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, की आपण ज्या ज्या गोशाळेला किंवा पांजरपोळाला देणगी देता, तेथे एक प्रश्न अवश्य विचारा. 'जनावरांना वेदनाशामक कोणते देता?' गिधाडांना अपायकारक नसलेले मेलॉक्सिकॅम हे औषध उपलब्ध आहे. डायक्लोफेनॅकप्रमाणेच घातक ठरलेल्या किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक या औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावरही २०२३ मध्ये बंदी आली. हा एक प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही. पण त्यामुळे गाईवरची दया गिधाडापर्यंत पोहोचते. आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे महाडच्या सिस्केप संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने गिधाडांची घरटी जपली आहेत. विद्यार्थ्यांची सहल काढायची तर असे ठिकाण निवडावे.

कावळा आणि गिधाड या दोघांच्या कथा एकत्र ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. निसर्गाने नेमलेले सफाई कामगार जे उचलतात, ते त्यांचे अन्न असते. शिळी पोळी, भाताचे शित, मेलेला उंदीर, सडके फळ हे सारे कावळ्याच्या, घारीच्या, मुंगीच्या वाट्याचे आहे. त्यात उपकार नाही आणि गुलामीही नाही. तो सृष्टीचा सहज व्यवहार आहे. जीव परस्परांना साहाय्य करीत जगतात, हे आपल्या तत्त्वार्थसूत्राने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. परंतु सिगारेटचे थोटूक कोणाचे अन्न आहे? वेफरच्या पाकिटाचे चकचकीत वेष्टन कोणत्या जीवाच्या वाट्याचे आहे? हा कचरा सृष्टीच्या व्यवहारात कोठेच बसत नाही. तो केवळ माणसाचा आहे. तो पक्ष्याकडून उचलून घेणे म्हणजे त्याच्या भुकेचा फायदा घेऊन आपला अपराध त्याच्या चोचीत देणे होय.

ही केवळ भावनेची भाषा नाही. सिगारेटच्या थोटकातील गाळणी कापसासारखी दिसली तरी ती सेल्युलोज ॲसिटेट या एक प्रकारच्या प्लॅस्टिकची असते आणि तिच्यात निकोटिनसह अनेक विषारी द्रव्ये साचलेली असतात. मेक्सिको शहरात काही लहान पक्षी आपल्या घरट्यांत थोटकांचा कापूस अंथरतात, असे संशोधकांना आढळले. त्या वासाने घरट्यातील गोचीड-पिसवा कमी होतात हे खरे; परंतु पुढील अभ्यासात त्याच पक्ष्यांच्या रक्तपेशींतील आनुवंशिक द्रव्याला इजा झाल्याचे दिसून आले. शिवाय एकाच यंत्रावर शेकडो पक्षी रोज चोच घासू लागले तर रोगाचा धोका वाढतो. जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लूची साथ आली तेव्हा आपल्या राज्यातही मेलेले कावळे सापडले होते, हे आपल्याला आठवत असेल.

आता आपल्या गावांकडे येऊ. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी बांधवांनी रिकाम्या हातांनी येऊन संसार मांडले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला शके ९८२ मधील, म्हणजे १०६० सालचे, शिलाहारकालीन शिवमंदिर आहे आणि त्याच्या कडेने वालधुनी वाहते. बदलापूरला उल्हास नदी आहे. कष्टाळू माणसांची ही तीन गावे. पण तिन्ही गावांना कचऱ्याने पुरते घेरले आहे. उल्हासनगरच्या म्हारळ येथे कचऱ्याची टेकडी उभी राहिली, नंतर कॅम्प पाचमध्ये दुसरी. दोन्ही ठिकाणी आग लागून धुराने लोक हैराण झाले. त्या ढिगांवर घारी, कावळे, गायबगळे अहोरात्र काम करीत असतात. त्यांच्या वाट्याचे ते निवडून नेतात. उरते ते प्लॅस्टिक, तेच पेटते आणि त्याचाच धूर आपल्या मुलांच्या छातीत जातो. २०१४ मध्ये वालधुनीत टँकरमधून घातक रसायन सोडले गेले तेव्हा काठावरच्या शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास झाला. कोणता पक्षी ते शोषून घेणार होता?

येथे मी स्वतःविषयी थोडे बोलतो. कारण दुसऱ्यांना उपदेश करणाऱ्याने आधी आपला हिशेब द्यावा. २६ जुलै २००५ रोजी मी बदलापूरला नदीकडच्या भागात राहत होतो. त्या रात्री पाणी घरात शिरले. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे रात्र काढली. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर खाली आलो, तेव्हा खिडकीच्या गजांना, कुंपणाच्या तारांना, तुळशीवृंदावनालाही प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या होत्या. शेजारच्या नाल्याचे तोंड पिशव्यांनी गच्च बुजले होते. मी काठीने एकेक पिशवी ओढून काढू लागलो. एका पिशवीवरचे दुकानाचे नाव मी ओळखले. त्या दुकानातून आदल्याच आठवड्यात मी मुलीच्या शाळेचे सामान आणले होते, आणि त्या पिशवीतून घरचा कचरा मीच नाल्याच्या काठी टाकला होता. ती पिशवी माझीच होती असे मी सिद्ध करू शकत नाही. नव्हती असेही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पंचवीस वर्षे मुलांना परिसराचा अभ्यास शिकविणारा मी, त्या सकाळी माझ्या स्वतःच्या परीक्षेत नापास झालो. त्यानंतर आजतागायत मी कापडी पिशवीवाचून बाजारात गेलो नाही. ही बढाई नाही, प्रायश्चित्त आहे.

सरकारने पुढे २००६ मध्ये पातळ पिशव्यांवर बंधने आणली, २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि २०१६ च्या नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करणे घराघरांवर बंधनकारक केले. नियम झाले, सवय झाली नाही. स्वीडनमधील त्या प्रयोगाच्या वेळी तेथील नगरपालिकेच्याच एका अधिकाऱ्याने म्हटले होते की कावळ्यांना थोटके उचलण्यास शिकविता येते, पण माणसांना ती न टाकण्यास शिकविता येत नाही, हे विचार करण्याजोगे आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला या उद्गारात मिळाले.

आणखी एका घटकाचा विसर पडता कामा नये. रस्त्यावरचे प्लॅस्टिक आज कोणी उचलीत नाही असे नाही. पहाटे खांद्यावर गोणी टाकून निघणाऱ्या आपल्या कचरावेचक भगिनी ते उचलतात. पुण्यात १९९३ मध्ये अशा कष्टकऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली आणि पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने घरोघर कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. जे काम सन्मानाने आणि योग्य मोबदल्यात माणसाला देता येते, ते दाण्याच्या लालचीने पक्ष्याला देण्यात कसली प्रगती? आपण या भगिनींना हातमोजे देत नाही, आपला कचरा वेगळा करून देत नाही, त्यांना पाण्याचा तांब्या पुढे करीत नाही. आणि कावळ्यासाठी मात्र परदेशी यंत्राची स्वप्ने पाहतो.

आपल्या धर्मातील एका सूक्ष्म विचाराने मला फार प्रभावित केले आहे. साधू-साध्वींसाठी सांगितलेल्या पाच समित्यांपैकी पाचवी उत्सर्ग समिती. त्याज्य वस्तू टाकतानाही जागा नीट पाहावी, तेथे कोणताही जीव नाही याची खात्री करावी आणि मगच तिचे विसर्जन करावे, असा तिचा आशय. वस्तू वापरताना संयम तर हवाच. ती टाकताना त्याहून अधिक जागरूकता हवी, असा विचार ज्या परंपरेने इतक्या पूर्वी केला, तिच्या अनुयायांना मी कचऱ्याचे वर्गीकरण काय शिकविणार? गृहस्थाने त्याचा एक अंश जरी आचरणात आणला, तरी घंटागाडीवाल्याचे अर्धे काम हलके होईल. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकलेले शिळे अन्न गाय पिशवीसकट गिळते, हे आपण पाहिले आहे. ती गाठ मारण्यापूर्वी क्षणभर थांबणे, हीच माझ्या मते गृहस्थाची उत्सर्ग समिती.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तीन साधे संकल्प मी आपल्यापुढे नम्रपणे ठेवतो. पहिला, आपल्या प्रत्येक स्वामिवात्सल्याच्या वेळी पत्रावळी, द्रोण आणि धातूची भांडी वापरावीत, आणि उरलेले ओले खरकटे खतासाठी वेगळे काढावे. दुसरा, पांजरपोळांतील वेदनाशामक औषधाची चौकशी प्रतिवर्षी करावी. तिसरा, आपल्या वसाहतीतील कचरावेचक भगिनींना वर्षातून एकदा तरी या व्यासपीठावर सन्मानाने बोलवावे. हे तीन संकल्प पाळण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

महाराष्ट्राने एक असा माणूस पाहिला आहे, ज्याने गावात पाऊल टाकताच हातात खराटा घेतला. गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. १९५६ मध्ये त्यांचे निर्वाण झाले. त्यांनी गावकऱ्यांना बक्षिसाचा दाणा दाखविला नाही, दंडाची भीतीही घातली नाही. म्हातारा माणूस आपले गटार साफ करतो आहे हे पाहून लोक लाजले आणि हळूहळू हातात झाडू घेऊन त्यांच्या मागे आले. बक्षिसाने शिकतो तो पक्षी. दुसऱ्याचे आचरण पाहून लाजतो आणि सुधारतो तो माणूस. हे लाजणे आपण गमावू नये.

अंबरनाथ स्थानकाबाहेर कावळ्यांचे यंत्र बसवावे काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. कावळ्याला त्याचे काम येते. त्याला त्याच्या वाट्याचे शुद्ध अन्न मिळू द्यावे, आणि आपल्या वाट्याचे आपण उचलावे. उद्या सकाळी तो आपल्या खिडकीशी येईल तेव्हा त्याला जरूर एक घास घाला. पण तो उडून गेल्यावर खाली रस्त्यावर पाहा. तेथे जे पडलेले असेल, ते त्याचे नाही.